घोटा आखडला की जखम भरत नाही: फुगलेल्या शिरांचा व्रण असलेल्या पायाची घरची काळजी

घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या चार बोटं वर जखम आहे. कित्येक महिने झाले. थोडी भरत येते, पुन्हा चिघळते. आजूबाजूची कातडी काळपट तपकिरी आणि कडक झाली आहे, लस येते, संध्याकाळी पाय जड होतो. मलमं बदलून झाली, गोळ्या बदलून झाल्या. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या पायाची ही स्थिती असेल, तर पुढे वाचण्याआधी एक गोष्ट करून बघा. खुर्चीत बसा, टाच जमिनीला टेकलेली ठेवा आणि पायाचा पंजा जमेल तितका वर उचला. मग दुसऱ्या पायाचा उचला. जखमेचा पाय कमी उचलला जात असेल, तर जखम रेंगाळण्याचं एक मोठं कारण तुम्हाला आत्ताच दिसलं. हे कारण मलमाने दूर होत नाही.

जखमेकडे सगळ्यांचं लक्ष असतं, घोट्याकडे फार थोड्यांचं. म्हणून इथे घोट्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे आणि जखमेच्या मलमपट्टीबद्दल लागेल तेवढंच.

पोटरीचा हापसा

गावातला हापसा आठवा. दांडा खालीवर केला की पाणी वर चढतं आणि आतला वायसर ते परत खाली जाऊ देत नाही. पायातलं रक्त हृदयाकडे परत जातं ते याच पद्धतीने. पोटरीचे स्नायू आवळले की त्यांच्यामधल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. शिरांमधल्या झडपा त्याला खाली येऊ देत नाहीत. या हापशाचा दांडा म्हणजे घोटा. घोटा पूर्ण वर आणि पूर्ण खाली गेला तरच पोटरी पूर्ण ताणली जाते आणि पूर्ण आवळली जाते.

नुसतं उभं राहिल्यावर घोट्याजवळच्या शिरेतला दाब साधारण ८० ते ९० मिलिमीटर पारा इतका असतो, कारण हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताचा सगळा भार तिथे पडतो. निरोगी माणूस चालू लागला की दहाबारा पावलांत हा दाब ३० च्या आसपास उतरतो. झडपा निकामी झालेल्या पायात तो पुरेसा उतरत नाही. दिवसभर दाब चढलेलाच राहतो, बारीक केशवाहिन्यांतून पाणी, प्रथिनं आणि लाल पेशी बाहेर झिरपतात. लाल पेशींतल्या लोहाने कातडी तपकिरी होते, कातडीखालची चरबी सुजून टणक होते, आणि एक दिवस डास चावल्याचं किंवा खाटेचा कोपरा लागल्याचं निमित्त होऊन जखम उघडते.

आता घोट्याचं काय होतं ते बघा. जखम दुखते म्हणून माणूस पंजा थोडा खाली सोडून, पाऊल सपाट टाकत चालतो. पट्टी जाडजूड असते, त्यामुळे घोटा वाकत नाही. कडक झालेली कातडी पायमोज्यासारखी चारी बाजूंनी आवळून बसते. काही महिन्यांत पोटरीचा स्नायू आणि टाचेमागची शीर (रक्ताची नव्हे, पोटरीला टाचेशी जोडणारी दोरीसारखी शीर) आखूड होते, सांधा आखडतो, पोटरी वाळते. वायसर आधीच गेला होता, आता दांडाही अडकला. मग दाब आणखी चढतो, जखम आणखी रेंगाळते, दुखणं वाढतं आणि माणूस आणखी कमी चालतो. काही जुन्या रुग्णांचा पाय शेवटी चवड्यावरच राहतो, टाच टेकतच नाही. तिथपर्यंत पोहोचलेला सांधा व्यायामाने सहसा परत येत नाही. म्हणून घोट्याचा व्यायाम जखम भरल्यावर नव्हे, जखम उघडी असतानाच सुरू करायचा.

आधी खात्री: जखम शिरांचीच आहे का?

घरी काहीही सुरू करण्याआधी हे ठरलं पाहिजे, कारण चुकीच्या पायाला घट्ट पट्टी बांधली तर पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

शिरांची जखम बहुधा घोटा आणि पोटरीच्या मधल्या भागात, जास्त करून आतल्या बाजूला असते. ती उथळ असते, कडा उतरत्या आणि वेड्यावाकड्या असतात, तळ लालसर किंवा पिवळट असतो आणि लस भरपूर येते. पाय वर ठेवला की बरं वाटतं. जखम पायाच्या बोटांवर, टाचेवर किंवा बोटांच्या टोकांशी असेल, पाय थंड असेल, रात्री पाय खाटेखाली लोंबता सोडल्यावर बरं वाटत असेल, तर रक्त पोहोचवणारी धमनी अरुंद झाल्याची शंका घ्या. बिडी-सिगारेट आणि तंबाखूवाल्यांमध्ये हे जास्त दिसतं. तळपायाला, न दुखणारी, भोवती घट्ट्यासारखी जाड कातडी असलेली जखम बहुतेक मधुमेहामुळे किंवा कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या पायाची असते. विदर्भातल्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा यांसारख्या जिल्ह्यांत पाय सुजलेला दिसला तर हत्तीपायाचाही विचार करावा लागतो.

डॉक्टरांकडे दोन तपासण्या मागा. पहिली, शिरांची कलर डॉप्लर सोनोग्राफी. ती शक्यतो उभं करून केलेली असावी, कारण आडवं झोपवून झडपांची गळती नीट कळत नाही. दुसरी, घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर. घोट्याजवळचा वरचा रक्तदाब भागिले दोन दंडांपैकी जास्त असलेला वरचा रक्तदाब, इतका साधा हिशेब आहे. घोट्याला १२० आणि दंडाला १३० असेल तर उत्तर ०.९२. हे उत्तर ०.८ ते १.३ च्या दरम्यान असेल तर घट्ट पट्टी सहसा चालते. ०.५ ते ०.८ असेल तर हलकी पट्टी, तीही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. ०.५ च्या खाली असेल तर पट्टी अजिबात नाही, आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जायचं. बऱ्याच मधुमेह्यांच्या धमन्या कडक झालेल्या असतात, म्हणून त्यांचा आकडा १.३ च्या वर खोटाच चांगला येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला दाब मोजून घ्यावा लागतो.

सूज दोन्ही पायांना सारखीच असेल तर रक्तदाबाच्या गोळ्या दाखवा. अॅम्लोडिपिनने घोटे सुजतात. आणि सूज उतरावी म्हणून स्वतःच्या मनाने लघवीच्या गोळ्या घेऊ नका, शिरांच्या सुजेवर त्यांचा उपयोग नाही.

घोटा मोजा

मोजल्याशिवाय फरक कळत नाही आणि फरक कळला नाही की व्यायाम सुटतो. त्यामुळे वही करा.

उभं राहता येत असेल तर भिंतीची चाचणी करा. भिंतीकडे तोंड करून उभे राहा, हातांनी भिंतीचा आधार घ्या. ज्या पायाचं माप घ्यायचं तो पुढे, बोटं सरळ भिंतीकडे. टाच न उचलता गुडघा वाकवून भिंतीला लावायचा. लागला तर पाऊल थोडं मागे घ्या आणि पुन्हा लावा. टाच टेकलेली असताना गुडघा भिंतीला जेमतेम लागतो, त्या जागी अंगठ्याच्या टोकापासून भिंतीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. धडधाकट घोट्यात ते साधारण १० सेंटिमीटर किंवा जास्त भरतं. ५ पेक्षा कमी म्हणजे घोटा चांगलाच आखडला आहे. अंगठा भिंतीला चिकटवूनही गुडघा लागत नसेल तर वहीत शून्य लिहा आणि फिजिओथेरपिस्टना दाखवा. दोन्ही पाय मोजा, दर रविवारी, एकाच वेळी. सकाळचं आणि संध्याकाळचं माप सुजेमुळे वेगळं येतं.

उभं राहणं जमत नसेल तर पाय लांब करून बसा. गुडघा सरळ ठेवून पंजा स्वतःकडे ओढा. मग गुडघ्याखाली उशी घेऊन, गुडघा थोडा वाकवून पुन्हा ओढा. वाकवल्यावर पंजा जास्त येत असेल तर पोटरीचा वरचा मोठा स्नायू आखूड झाला आहे, ताण देऊन तो सुटतो. दोन्ही वेळा सारखाच अडत असेल तर खालचा स्नायू, कातडी किंवा सांधाच धरला आहे. त्याला वेळ लागतो आणि फिजिओथेरपिस्टचा हात लागतो.

उकिडवं बसण्याची सवय असलेल्यांना हे आधीच जाणवलेलं असतं. भारतीय पद्धतीच्या संडासात बसताना जखमेच्या पायाची टाच उचलली जाते, तोल मागे जातो. कमोड आल्यापासून घोट्याची ही रोजची कसरत गेली, आणि घोटा आखडल्याचं कळणंही गेलं. याचा अर्थ जखम असलेल्या वयस्कर माणसाने उकिडवं बसण्याचा सराव करावा असा नाही. गुडघे साथ देत नसतील तर ते पडतील.

सामान्य चालण्याला पंजा काटकोनाच्या वर सुमारे १० अंश यावा लागतो. पहिलं ध्येय एवढंच ठेवा.

व्यायाम

सगळे व्यायाम पायाला पट्टी किंवा मोजा असताना करा, अर्थात पट्टी चालते असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर. स्नायू आवळतो तेव्हा बाहेरून पट्टीची भिंत असली की दाब आतल्या शिरांवर पडतो. पट्टी नसेल तर तो कातडी फुगवण्यात वाया जातो. जखम दुखते म्हणून व्यायाम टळत असेल तर डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी अर्धा तास आधी घ्या. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी अंगात पाणी साठतं, म्हणून त्या विचारल्याशिवाय नकोत.

पहिले दोन आठवडे बसून आणि पडून करायचे व्यायाम:

१. पंजा वर-खाली. पंजा पूर्ण वर, तीन अंक मोजून थांबा, मग पूर्ण खाली, पुन्हा तीन अंक. असे १० वेळा, जागेपणी दर तासाला. पाऊल गोल फिरवणं सगळ्यांना आवडतं, पण त्यात पंजा पूर्ण वर येतच नाही. गोल फिरवायचं तर नंतर फिरवा.

२. टॉवेलचा ताण. पाय लांब करून बसा, टॉवेल किंवा जुनी ओढणी चवड्याखालून घ्या आणि दोन्ही टोकं हातात धरून पंजा स्वतःकडे ओढा. टॉवेल चवड्यावर हवा. घोट्याकडे सरकला तर जखमेवर घासतो. ३० सेकंद धरा, सोडा, असं ४ वेळा. गुडघा सरळ ठेवून एकदा, थोडा वाकवून एकदा. सकाळ-संध्याकाळ. पोटरीत ओढ लागली पाहिजे, जखमेत कळ येता कामा नये. हिसके देऊ नका. आखडलेली शीर हिसक्याने सुटत नाही, उलट जास्त आवळते.

३. बसून टाचा उचलणं. खुर्चीत पाऊल सपाट टेकवून टाचा वर, चवडा खाली. १० चे तीन फेर.

तिसऱ्या आठवड्यापासून, तोल नीट असेल तर, उभं राहून: स्वयंपाकाच्या ओट्याला किंवा खिडकीच्या गजांना धरून दोन्ही टाचा उचला. दोन सेकंदांत वर, एक सेकंद थांबा, तीन सेकंदांत सावकाश खाली. धपकन खाली येऊ नका, खाली येतानाही स्नायू काम करत असतो. सुरुवात किती वेळा करायची? दमेपर्यंत एकदा करून मोजा आणि त्याच्या निम्म्याने सुरुवात करा. १६ जमले तर ८ चे तीन फेर, मध्ये एक मिनिट विश्रांती. दर आठवड्याला दोनतीन वाढवा. २५ चे तीन फेर सहज जमू लागले की एका पायावर करून बघा. पोळ्या लाटणाऱ्या, वर्गात उभं राहून शिकवणाऱ्या, लोकलमध्ये तासभर उभं राहून जाणाऱ्या, दुकानात गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला हा व्यायाम कामात असतानाच करता येतो. उभं राहिल्याने इतकं बिघडत नाही, न हलता उभं राहिल्याने बिघडतं.

मग चालणं. १० मिनिटांपासून सुरू करा आणि ३० मिनिटांपर्यंत न्या, आठवड्यातून निदान तीन दिवस, जमल्यास रोज. पण पाऊल कसं पडतं ते महत्त्वाचं. टाच आधी टेकली पाहिजे, मग तळवा, आणि शेवटी चवड्याने जमीन मागे ढकलली पाहिजे. पाय घासत, सपाट पावलाने दोन तास चाललं तरी हापसा चालत नाही. सपाता याला मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहेत. त्या निसटू नयेत म्हणून बोटं आवळून धरावी लागतात आणि पाऊल उचललंच जात नाही. मागे पट्टा असलेले, पट्ट्या सैल-घट्ट करता येणारे सँडल घ्या. टाचेखाली एकदोन सेंटिमीटर उंची चालते. घोटा फारच आखडलेला असेल तर ती सुरुवातीला मदतच करते, पुढे कमी करत न्यायची.

माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर घरच्यांनी करायचं. एका हाताच्या तळव्यात त्यांची टाच घ्या, तुमचा कोपरापर्यंतचा हात त्यांच्या तळपायाला लावा आणि आपलं अंग हळूहळू त्यांच्या डोक्याच्या दिशेने झुकवा. पंजा आपोआप वर जातो. मनगटाच्या जोराने नुसता चवडा ढकलू नका, त्याने पाऊल मध्येच वाकतं आणि घोटा तसाच राहतो. ३० सेकंद, ५ वेळा, दिवसातून दोनदा. दुसरा हात जखमेपासून लांब, गुडघ्याखाली ठेवा. पांघरुणाचं वजन पंज्यावर पडू देऊ नका, रात्रभराच्या वजनाने पंजा खाली जातो.

गुडघाही बघा. संधिवाताने गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर टाच आधी टेकतच नाही. मांडीचे स्नायू आवळून गुडघा गादीत दाबायचा, पाच अंक धरायचा, १० वेळा, हा साधा व्यायाम सोबत जोडा.

मधुमेहाने पाय बधिर असेल तर व्यायामाआधी आणि नंतर तळवा आरशात बघा. चवड्याला जखम किंवा लाल घट्टा असेल तर टाचा उचलायच्या नाहीत, बसूनच करायचं. पाऊल अचानक सुजून गरम लागत असेल, दुखत नसलं तरी, व्यायाम थांबवून लगेच दाखवा. आतली हाडं मोडत असण्याची शक्यता असते.

पट्टी: जिथे सर्वांत जास्त चुका होतात

पूर्ण उपचाराची पट्टी घोट्याजवळ साधारण ४० मिलिमीटर पारा दाब देते आणि वर पोटरीकडे तो कमी होत जातो. दोन, तीन किंवा चार थरांच्या अशा पट्ट्या मिळतात. त्या आठवड्यातून एकदा-दोनदा बदलायच्या असतात आणि शिकलेल्या माणसाकडूनच बांधून घ्यायच्या असतात. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात मात्र औषधाच्या दुकानातलं क्रेप बँडेज येतं. ते लवकर सैल पडतं, म्हणून रोज सकाळी नव्याने बांधावं लागतं. तरीही नीट बांधलेलं क्रेप काहीच न बांधण्यापेक्षा खूप बरं.

बांधायची वेळ सकाळी, अंथरुणातून पाय खाली सोडण्याआधी. १० सेंटिमीटर रुंदीची पट्टी घ्या. एका पायाला बहुधा दोन लागतात. आधी कापसाचा मऊ रोल गुंडाळा. नडगीचं हाड, घोट्याची दोन्ही हाडं आणि टाचेमागची शीर यांवर जास्त. पट्टीचा दाब घेर कमी तिथे जास्त पडतो. म्हणूनच सारख्या ताणाने बांधली तरी बारीक घोट्यावर दाब जास्त आणि जाड पोटरीवर कमी पडतो, आणि आपल्याला हवं तेच होतं. पण याच नियमाने हाडाच्या धारेवर कातडी सोलली जाते.

पंजा काटकोनात वर ठेवायला सांगा. हे चुकलं की सगळं चुकलं: पंजा खाली असताना बांधलेली पट्टी त्याला दिवसभर खालीच धरून ठेवते. बोटांच्या मुळापासून सुरुवात करा. पावलावर दोन वेढे, मग टाच झाकत घोट्याभोवती आठाच्या आकड्यासारखा वेढा, टाच उघडी सोडू नका, नाहीतर तिथे सूज फुगते. मग वर जाताना प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला निम्मा झाकेल असा. ताण सगळीकडे सारखा, पट्टीच्या पूर्ण ताणाच्या निम्मा. गुडघ्याच्या दोन बोटं खाली थांबा. उरलेली पट्टी तिथेच पुन्हा पुन्हा गुंडाळू नका, त्याने वर फास बसतो आणि खालचा पाय फुगतो. राहिलेला भाग कापून टाका. शेवट चिकटपट्टीने लावा, पिन टोचते.

बांधून झाल्यावर पंजा वर-खाली करून बघा. घोटा हलला पाहिजे. नंतर बोटं बघा. पांढरी, निळी, बधिर झाली किंवा सहन न होणारी कळ आली तर डॉक्टरांची वाट न बघता पट्टी सोडा. हृदय कमजोर असलेल्यांनी दोन्ही पायांना एकदम घट्ट पट्टी बांधण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं, पायातलं पाणी वर गेल्याने धाप लागू शकते.

जखम

जखमेचं काम थोडं आहे, पण लोक ते वाढवून ठेवतात. पिण्याच्या स्वच्छ कोमट पाण्याने धुवा, हलकेच टिपून घ्या. जखमेला न चिकटणारा जाळीचा तुकडा, वर लस शोषणारा गॉज पॅड, आणि मग पट्टी. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि दाट जंतुनाशकं रोज ओतल्याने नवी कातडी मरते. हळद, चुना, तंबाखू, राख, टूथपेस्ट काही लावायचं नाही. अँटिबायोटिक पावडर आणि निओमायसिनचं मलम यांनीही इथे बऱ्याचदा अॅलर्जी येते. जखमेभोवती लाल, खाजरं, ओलसर इसब दिसलं तर आधी लावत असलेल्या मलमावर संशय घ्या. जुन्या जखमेत जंतू असतातच, म्हणून स्वॅबमध्ये (जखमेतल्या लशीच्या तपासणीत) जंतू निघाला एवढ्यावरून अँटिबायोटिक लागत नाही. लाली पसरत जाणं, पाय गरम होणं, ताप, अचानक वाढलेलं दुखणं, यांवर लागतं. धनुर्वाताची लस झाली आहे का ते विचारून घ्या.

आजूबाजूच्या कोरड्या कातडीला रात्री खोबरेल तेल किंवा साधी पेट्रोलियम जेली लावा. दिवसा मोज्याखाली नको, तेलाने मोज्याचं लवचीक सूत खराब होतं.

आठवड्यातून एकदा सर्वांत लांब आणि सर्वांत रुंद माप घ्या, घोट्याच्या मापाशेजारीच लिहा. ५ गुणिले ४ म्हणजे २० चौरस सेंटिमीटरची जखम चार आठवड्यांत १२ च्या आसपास आली तर ती बहुधा भरणार आहे. काहीच हलली नाही तर उपचार बदलायला हवा. तीन महिने नीट उपचार करूनही न भरणाऱ्या, किंवा कडा कोबीसारख्या फुगून वर येणाऱ्या जखमेचा तुकडा डॉक्टरांकडून काढून तपासून घ्या. वर्षानुवर्षांच्या जखमेत क्वचित कर्करोग होतो.

पाय वर ठेवणं

दिवसातून तीनचार वेळा अर्धा तास. पाय हृदयापेक्षा वर हवा. स्टुलावर पाय ठेवून टीव्ही बघणं यात धरत नाहीत, त्यात पाय कमरेइतकाच येतो. आडवं पडून पोटरीखाली दोन-तीन उशा घ्या, टाच अधांतरी राहू द्या. रात्री खाटेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा घातल्या की साधारण १५ सेंटिमीटर उंची मिळते. धाप लागणाऱ्यांनी आणि धमनीचा त्रास असलेल्यांनी हे करू नये. गुडघेदुखीमुळे खुर्चीतच झोपणाऱ्या वयस्कर माणसांचा पाय चोवीस तास खालीच असतो, त्यांची जखम भरण्याआधी त्यांची झोपायची सोय करा. आणि दिवसभर पाय वर ठेवून पडून राहणंही चुकीचं आहे. सूज उतरेल, पण घोटा आखडेल.

हे दिसलं तर थांबू नका

एका पायाची पोटरी अचानक सुजली, दुखते, गरम लागते: खोल शिरेत गुठळी असू शकते. चोळू नका, मालिश करू नका, व्यायाम थांबवा, त्याच दिवशी डॉप्लर करा. सोबत धाप किंवा छातीत कळ असेल तर १०८ ला फोन करा. फुगलेल्या शिरेतून रक्ताची चिळकांडी उडाली तर रुग्णाला आडवं झोपवा, पाय वर उचला आणि स्वच्छ कापडाची घडी १० मिनिटं सलग दाबून धरा. वर दोरी बांधायची नाही. उभं ठेवून धुण्यात वेळ गेला तर थोड्या वेळात खूप रक्त जातं.

शिरांवरचा उपाय कधी?

जखम भरल्यावर बघू, असं पूर्वी सांगितलं जायचं. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पट्टीसोबत लगेच लेसर, उष्णता किंवा फेसाच्या इंजेक्शनने वरच्या (कातडीलगतच्या) शिरा बंद केलेल्यांपैकी निम्म्या जणांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. उपाय पुढे ढकललेल्यांपैकी निम्म्यांच्या ८२ दिवसांत. म्हणून वरच्या शिरांची गळती डॉप्लरमध्ये दिसली असेल तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनना लवकर भेटा. खोल शिरा खराब असतील तर हा पर्याय प्रत्येकाला लागू होत नाही.

जखम भरली की मोजे. माप सकाळी, सूज नसताना: घोट्याची सर्वांत बारीक जागा, पोटरीची सर्वांत जाड जागा, टाचेपासून गुडघ्याखालपर्यंतची लांबी. बऱ्याच जणांना दुसऱ्या वर्गाचे, २३ ते ३२ मिलिमीटर दाबाचे, गुडघ्यापर्यंतचे मोजे लागतात. घालताना मोजा टाचेपर्यंत उलटा करा, पाऊल आत घाला, टाच जागेवर बसवा आणि मग वर चढवा. वरची कड दुमडू नका, तिथे फास बसतो. बोटं उघडी असलेला मोजा असेल तर पावलावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून चढवा आणि नंतर ती बोटांकडून ओढून काढा. सहा महिन्यांनी ताण जातो, नवे घ्या. उन्हाळ्यात घामाने नकोसे होतात हे खरं, पण एप्रिल-मे मध्ये मोजे सोडून दिले तर जखम पुन्हा उघडू शकते. दोन जोड ठेवा, रोज धुवा, सावलीत वाळवा. आणि वहीतलं घोट्याचं माप घेणं मोज्यांबरोबर चालू ठेवा: दोन सेंटिमीटरने घटलं की टॉवेल पुन्हा हातात घ्या, पाय सुजण्याची वाट बघू नका.